प्रार्थना करूनही भाऊ परत प्यायला लागला, आता काय करायचं?

जय ख्रिस्त ताई. तुमचं सगळं लिहिलेलं नीट वाचलं. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, ताईंचा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, दारू सात-आठ वर्षांपासून. मागच्या वर्षी एका प्रार्थना सभेत पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि खरोखर बंद झाली, चार महिने थेंब नाही, चर्चमध्ये उभं राहून साक्ष पण दिली. नाताळात परत सुरू झाली आणि आता आधीपेक्षा जास्त आहे, सकाळी उठल्या उठल्या लागते. बायको लेकराला घेऊन माहेरी गेलीय. आई म्हणते औषधं म्हणजे अविश्वास, त्याला घरात बसवून सात दिवस उपवास-प्रार्थना धरू. आणि भाऊ म्हणतो देवानं मला सोडलंय, आता कशाला ते सगळं. ताईंचा प्रश्न असा की विश्वासानं खरंच काही होतं का, का आपण आपलीच समजूत घालत बसलोय.

होतं ताई. मी बरीच वर्षं कोल्हापूर-मिरज पट्ट्यात व्यसनात अडकलेल्या माणसांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करतोय, स्वतः ख्रिस्ती आहे, आणि विश्वासाच्या आधारानं उभी राहिलेली माणसं माझ्या रोजच्या बघण्यात आहेत. पण विश्वासाचं काम कुठलं आणि कुठलं काम त्याच्याकडं मागायचंच नाही हे आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी सुटसुटीत सांगत नाही, आणि त्या गोंधळात माणसं जातात. अक्षरशः जीव जातो. म्हणून आधी ते सात दिवसांच्या उपवासाचं बोलू, बाकीचं नंतर.

ते करू नका. आईला हात जोडून सांगा की आत्ता नको.

कारण असं की जो माणूस रोज पितो आणि ज्याला सकाळी उठल्यावर लागते, त्याच्या मेंदूनं दारूशी जुळवून घेतलेलं असतं. दारू मेंदूला शांत करते, मग मेंदू वर्षानुवर्षं उलट्या बाजूनं जोर लावत राहतो, स्वतःला जागं ठेवायला. अचानक दारू काढून घेतली की तो जोर तसाच राहतो आणि त्याला अडवणारं काही उरत नाही. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, मळमळ, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम सुरू होतो, अंगावर किडे चालतात असं वाटतं, गेलेला बाप दारात उभा दिसतो, ओळखीची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

आता विचार करा, हे सगळं घरात उपवास-प्रार्थना चालू असताना झालं तर काय होतं. तो बडबडायला लागतो, कोपऱ्यात बघून ओरडतो, आणि जमलेली मंडळी म्हणतात बघा दुष्टात्मा बाहेर पडतोय, आवाज वाढवा. चौघं त्याला धरून ठेवतात, पाणी पण देत नाहीत कारण उपवास आहे. त्यांच्या मनात प्रेमच असतं, त्यात शंका नाही. पण त्या माणसाला त्या वेळी रिक्षात घालून दवाखान्यात न्यायला पाहिजे, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

डिटॉक्स म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली अंगातली दारू सुरक्षितपणे सोडवणं, ते काही फार मोठं गूढ नाही. शामक गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, पाणी-क्षार सांभाळतात, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व भरपूर देतात कारण पिणाऱ्याच्या अंगात ते संपलेलं असतं. इथं एक गोष्ट मुद्दाम लिहितो, आपल्याकडं "पिऊन पडलाय, गल्लीतल्या दवाखान्यात एक सलाईन लावून आणा, उतरेल" ही सर्रास पद्धत आहे. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर अशा माणसाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तुम्हीच डॉक्टरांना स्वच्छ सांगायचं की हा रोज पितो, इतकी पितो, शेवटची अमुक वाजता घेतली. लाजून "जरा अशक्तपणा आलाय" म्हणून सलाईन लावून घेऊ नका. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करा.

आईला हे पटवायचं असेल तर पवित्र शास्त्रातूनच पटवा, डॉक्टरचं ऐकणार नाहीत त्या. पहिल्या राजेच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा पळून जातो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला काय देतो? आधी झोप. मग देवदूत त्याला उठवतो आणि म्हणतो खा. भाकर आणि पाणी. तो खातो, परत झोपतो. परत उठवून परत खायला घालतो, कारण वाट लांबची आहे. देवाची मंद वाणी ऐकायला आली ती त्यानंतर, डोंगरावर पोचल्यावर. म्हणजे खचलेल्या माणसाला देवानं पहिलं जेवण आणि झोप दिली, उपवास नाही सांगितला. मी घरोघरी आयांना हाच अध्याय मोठ्यानं वाचायला लावतो आणि बहुतेक जणी वाचून झाल्यावर स्वतःच म्हणतात, मग आधी दवाखान्यात नेऊया.

आणि औषध म्हणजे अविश्वास हे आपल्या भागातल्या ख्रिस्ती माणसानं तर म्हणूच नये. रॉयल वायल्डर कोल्हापुरात १८५२ ला आले, आणि पुढं त्याच मिशनच्या परंपरेतून विल्यम वॉनलेस यांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना उभा केला. आपल्या इकडं चर्च आणि दवाखाना एकाच घरातून आलेत हो. आईला विचारा त्यांची स्वतःची किंवा त्यांच्या आईची बाळंतपणं कुठं झाली. बऱ्याच ख्रिस्ती घरांत उत्तर मिरज असंच येईल.

अजून एक, भिंतींवर आणि बसस्टॉपवर जाहिराती असतात ना, पेशंटला न सांगता दारू सोडवा, पावडर चहातून द्या म्हणून, त्यातलं काही करू नका. आत काय घातलंय कोणाला माहीत नसतं. डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, ती चालू असताना दारू घेतली तर जबरदस्त त्रास होतो, चेहरा लाल, उलट्या, बीपी पडणं, हृदयावर पण येऊ शकतं, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तो परिणाम राहतो. म्हणून ती पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं, लिव्हर तपासून डॉक्टरच देतात. चोरून दिली तर जीव धोक्यात आणि कळल्यावर घरच्यांवरचा भरवसा गेला तो गेलाच. ओढ कमी करणारी दुसरी औषधं पण आहेत, नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट, कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता मुख्य गोष्ट. शरीराचा भाग डॉक्टर बघतात, मग विश्वास करतो काय?

माझ्या अनुभवात विश्वास माणसाला खरं बोलायला जागा देतो. दारूचं व्यसन टिकतं ते लपवण्यावर. किती घेतली, पैसे कुठनं आणले, बाटली कुठं ठेवली, काल कुठं होतो, दिवसभर खोटं, आणि ते खोटं सांभाळायचा ताण उतरवायला परत तीच. यातनं बाहेर पडायला अशी एक जागा लागते जिथं "काल प्यालो" असं म्हटलं तरी कोणी दार लावून घेणार नाही. ख्रिस्ती विश्वासाचा गाभाच हा आहे की देवानं आपल्याला आपण सुधारायच्या आधी जवळ घेतलंय. लूकच्या पंधराव्या अध्यायात, घर सोडून गेलेला उधळ्या पोरगा परत येतो त्या गोष्टीतला बाप पोराची माफीची पाठ केलेली वाक्यं पूर्ण व्हायच्या आधीच धावत जाऊन गळ्यात पडतो. हे ज्याला आतपर्यंत पोचलं त्याला खरं बोलायची भीती राहत नाही, आणि खरं बोलायला लागला की व्यसनाचा निम्मा जोर गेलाच समजा.

पण आपल्या मंडळ्या तशा जागा आहेत का? मोकळेपणानं बोलू. मिशनच्या काळापासून आपल्यात दारू म्हणजे मोठं पाप, त्याचा फायदा झाला, कित्येक घराणी वाचली. पण त्याच धाकानं पिणारा माणूस जास्त लपतो. एक जण होता, नाव-गाव नको, लेथवर काम करायचा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीच्या, रविवारी तो नेहमी उशिरा यायचा, मागच्या बाकावर बसायचा आणि पुढं जायचाच नाही. लोक म्हणायचे गर्विष्ठ आहे, काही म्हणायचे पश्चात्ताप चाललाय. खरं कारण त्यानं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, "सर, तो काचेचा एवढासा प्याला असतो, हातात घेतला की दातावर वाजतो, सगळ्यांना ऐकू जातं." सकाळी दहाला त्याचे हात थरथरायचे आणि घेऊन आला तर वास यायचा. दोन्हीकडनं अडचण. त्या मंडळीत त्याच्यासाठी दर आठवड्याला प्रार्थना व्हायची, मोठ्यानं, नाव घेऊन. पण बाकावर शेजारी बसून हात का थरथरतात असं कोणी विचारलं नव्हतं.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात सोळावं वचन आहे, एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणजे तुम्ही बरे व्हाल, अशा अर्थाचं. एकमेकांजवळ, म्हणजे दोन्ही बाजूंनी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ ला अमेरिकेत ॲक्रन गावात सुरू झाली, बिल आणि डॉक्टर बॉब हे दोन पिणारे एकमेकांशी खरं बोलायला बसले त्यातनं. त्या दोघांचा संबंध ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळाशी होता, सुरुवातीच्या दिवसांत ते याकोबाचं पत्र, डोंगरावरचं प्रवचन आणि पहिल्या करिंथचा तेरावा अध्याय वाचत असत. पुढं ती चळवळ सर्व धर्मांच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांसाठीही खुली झाली, ते योग्यच झालं. म्हणून ख्रिस्ती माणसानं ए. ए. च्या मीटिंगला जाणं म्हणजे विश्वास सोडणं नाही, तिथं बारा पायऱ्यांत जे आहे, आपण हतबल आहोत हे मान्य करणं, स्वतःचा हिशेब मांडणं, दुसऱ्या माणसापुढं ते बोलणं, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करणं, ते सगळं आपल्याच घरातलं आहे. आपण रविवारी म्हणतो, ते लोक रोज संध्याकाळी करतात.

आईच्या प्रार्थनेबद्दल पण लिहितो, वाईट वाटून घेऊ नका. बऱ्याच घरांत मी बघतो, संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना चालू आहे, पोरगा शेजारी बसलाय आणि आई डोळे मिटून म्हणते, "प्रभू, याला बुद्धी दे, यानं बापाच्या नावाला काळं फासलं, याच्या लेकराकडं तरी बघायला लाव." ही प्रार्थना देवाला कमी आणि पोराला जास्त असते. त्याला उत्तर देता येत नाही, उठून जाता येत नाही, आणि देवाचं नाव निघालं की त्याला ते टोमणे आठवतात. अशानं तो प्रार्थनेला बसायचंच बंद करतो. आईनं देवापुढं सगळं बोलावं, रडावं, पण ते आतल्या खोलीत. त्याच्यासमोर इतकंच पुरे, "प्रभू, आजचा दिवस गेला, तुझे आभार, रात्री याला झोप लागू दे." मग त्यानं त्याच्या तोंडानं एखादं वाक्य म्हटलं तर म्हटलं, नाही तर नाही.

आणि ती साक्ष. ताई, मला त्याचाच जास्त त्रास झाला वाचताना. चार महिन्यांच्या आत माणसाला पुढं उभं करून "मी पूर्ण मुक्त झालो" म्हणायला लावणं बंद झालं पाहिजे आपल्याकडं. तुमचा भाऊ फाउंड्रीत आहे, कास्टिंग आतून गार व्हायच्या आधी साचा फोडला तर काय होतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. साक्ष दिली की टाळ्या, हार, दुसऱ्या गावच्या सभेला बोलावणं, आणि त्या दिवसापासून त्याला "आज फार ओढ लागलीय" असं म्हणायची सोय उरत नाही, कारण तो मुक्त झालेला माणूस आहे ना. मग पहिली ओढ लपवतो, पहिला घोट लपवतो आणि मग सगळंच. मी पाळकांना सांगतो की निदान दोन वर्षं जाऊ द्या, आणि तेव्हा पण त्याला असं बोलू द्या की आज मी प्यायलो नाही, उद्यासाठी प्रार्थना करा. पाळकसाहेबांशी तुम्ही जाऊन शांतपणे बोला, भांडायला नको. बहुतेक पाळक मनापासून करतात, त्यांना या आजाराचं प्रशिक्षण कोणी दिलेलं नसतं एवढंच.

मग ते चार महिने खोटे होते का? अजिबात नाही. ते खरे होते आणि ते त्यानं आणि देवानं मिळून काढलेले आहेत, ते पुसले जात नाहीत. परत घसरणं या आजारात नेहमीचं आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेनं उपचारानंतर परत वळणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलंय आणि बीपी, दमा अशा आजारांत पथ्य सुटायचं प्रमाणही त्याच्या आसपास आहे. बीपीची गोळी चुकवून चक्कर आली तर कोणी म्हणत नाही देवानं सोडलं. त्याच्या बाबतीत शोधायचं ते असं की नाताळाच्या आधी महिनाभर काय बिघडलं होतं. मीटिंग सुटली का, झोप उडाली का, बायकोशी काही झालं का, ओव्हरटाइम जास्त होता का. ए. ए. मध्ये चार गोष्टी सांगतात, भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातली एखादी वाढली की सांभाळा. आणि आपला नाताळ म्हणजे घरोघरी फराळ, पाहुणे, कुठंतरी वाइन, एकतीस डिसेंबरला मध्यरात्रीची उपासना सुटल्यावर पोरांचं "चल जरा". सणाचा आधार समजून आपण बेसावध असतो आणि नेमकं तिथंच पाय घसरतो.

"देवानं मला सोडलंय" म्हणतो त्याला लगेच "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. स्तोत्रकर्ते यापेक्षा कडक बोललेत. त्याला स्तोत्र १३ वाचायला द्या, कुठवर, कुठवर, असं विचारत राहतं ते. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे असं बोलणारा माणूस देवाच्या घरातलाच धरलाय. दारू सोडलेल्याला पहिले काही आठवडे रात्री तीनला जाग येते आणि मग झोप नाही, त्या वेळी मोठी पुस्तकं नाही वाचवत, एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं, पाणी प्यायचं, अंगणात चार फेऱ्या मारायच्या. प्रेषित पौलानं देवाकडं तीनदा मागितलं होतं की शरीरातला काटा काढ, आणि काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर आलं. ओढ निघून जाणं हाच चमत्कार असं धरून बसलेल्या माणसाला हे सांगायला लागतं, की ओढ असताना आजचा दिवस न पिता गेला हे सुद्धा देवाचंच उत्तर आहे.

पण ताई, हे म्हणताना त्याच्या मनात जीव द्यायचा विचार आहे का, हे त्याला स्पष्ट विचारा. "तुला मरावंसं वाटतं का रे?" असं थेट. विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरात कीटकनाशक वगैरे असेल तर हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी सरकारचा १४४४६ हा नंबर आहे.

मंडळीनं काय करायचं ते मी लाजरच्या गोष्टीवरून सांगतो नेहमी. योहानाच्या अकराव्या अध्यायात येशू मरून कबरेत ठेवलेल्या लाजरला हाक मारतो, तो बाहेर येतो, पण हातपाय कापडानं बांधलेलेच असतात. जिवंत केलं प्रभूनं, पण बांधलेलं सोडवायचं काम त्यानं उभ्या असलेल्या लोकांना सांगितलं. मोकळं करायचं म्हणजे काय, तर शिरोलीला पगाराच्या दिवशी शिफ्ट सुटते तेव्हा गेटवर गाडी घेऊन कोणीतरी उभं पाहिजे. बस तेवढंच. तरुण संघातला एखादा, वडीलजनांपैकी एखादा, ज्याच्याशी त्याचं पटतं असा. प्रवचन द्यायचं नाही, चहा प्यायचा, घरी सोडायचं. माझ्या बघण्यातला एक माणूस असाच सावरला, त्याच्या चर्चमधल्या रिटायर्ड शिक्षकांनी कितीतरी महिने प्रत्येक पगाराला त्याला आणलं आणि वाटेत ते बोलायचे फक्त कुस्तीवर आणि उसाच्या दरावर.

प्रभुभोजनाचं आधीच पाळकांना विचारून घ्या. काही मंडळ्यांत साधा द्राक्षरस असतो, काही ठिकाणी खरी वाइन. डायसल्फिराम चालू असेल तर थोडी वाइन पण चालत नाही, खोकल्याच्या काही औषधांत पण अल्कोहोल असतं, तेही बघा. कॅथलिक असाल तर फादरना सांगा, फक्त भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्णच आहे ही चर्चची शिकवण आहे, त्यात कमीपणा नाही.

तो कदाचित तुम्हाला काना गावच्या लग्नाचं सांगेल, जिथं येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं ते सांगेल. पिणारे सगळे ही दोन वचनं पाठ करून असतात. वाद घालू नका. एवढंच म्हणा, बरोबर आहे, पण तुझ्या शरीराला थोडा हा प्रकार जमत नाही. आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस घेत नाही म्हणजे मी व्यसनी नाही हेही ऐकायला मिळेल, शेजारी श्रावण पाळणारे पण हेच म्हणतात. सोडता येणं वेगळं आणि सोडलेलं टिकणं वेगळं, ईस्टरच्या संध्याकाळी काय होतं ते बघायचं.

वहिनींचं. त्यांना "क्षमा कर, परत ये, ख्रिस्ती बायकोचं कर्तव्य आहे" असं कोणी सांगत असेल तर तुम्ही थांबवा. क्षमा म्हणजे मार खायला परत जाणं नाही. तिकडं त्या आणि लेकरू सुरक्षित आहेत तर राहू द्या, तो काही महिने उपचारात टिकला, मीटिंगला जातोय, पगार घरात येतोय असं दिसलं की मग बोलता येईल. तोवर त्यांच्याशी तुम्ही बोलत राहा, लेकराच्या फीचं बघा. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे गट असतात, तुम्ही स्वतः पण जा. त्याची उधारी तुम्ही फेडू नका, कामावर "ताप आलाय" असे खोटे फोन करू नका. ते करताना माया वाटते पण त्यानं त्याचं पिणं सोपं होतं.

दाखल करायची वेळ आली तर केंद्र बघून घ्या. मुंबईत कृपा फाउंडेशन आहे, फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं, बांद्र्याच्या चर्चच्या आवारातून, सर्व धर्मांचे लोक येतात तिथं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, ते ख्रिस्ती नाही पण मराठी माणसाला तिथली भाषा आपली वाटते आणि विश्वासाला तिथं कोणी हसत नाही. जवळचं कुठलं बघायचं असेल तर नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. जिथं बांधून ठेवतात, मारतात, औषध नाही फक्त प्रार्थना असं म्हणतात, तिथं ठेवू नका, मग दारावर क्रूस असला तरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळदंड घालायला सरळ बंदी आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेला सर्व्हे आला, त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतो असं निघालं. तुमचा भाऊ निदान तुमच्यामुळं त्या एकात जाऊ दे.

हे वाचणाऱ्या सेवकांना पण एक विनंती. आपल्याकडं हिंदू घरातले, मुसलमान घरातले पिणारे पण आशेनं येतात. माणूस थरथरत असताना त्याच्याकडनं नाव बदलायचं, बाप्तिस्म्याचं वचन घेऊ नका. त्याला जेवायला घाला, दवाखान्यात न्या, विचारलं तर प्रार्थना करा. प्रभूनं पण बऱ्या केलेल्या कितीतरी जणांना नुसतं घरी जा म्हणून सांगितलं.

तर ताई, या आठवड्याचं असं करा. तो त्यातल्या त्यात शुद्धीवर असेल अशा वेळी, बहुतेक सकाळी, तुम्ही आणि तो ऐकतो असा एकच माणूस मिळून बोला. रडारड नको, जुना हिशेब नको. "तुझी तब्येत बघवत नाही, डॉक्टरकडं जाऊ, मी बरोबर येते" एवढंच. नाही म्हणाला तर परत दोन दिवसांनी. तोवर अचानक पूर्ण बंद करायला लावू नका, जेवण पोटात जाऊ द्या. आधीच्या उपचाराचे कागद असतील तर ते, आधार कार्ड आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ठेवा, ओपीडीला सकाळी लवकर पोचा कारण गर्दी असते. आईंना बरोबर न्या, बाहेर बाकावर बसून त्यांना पाहिजे तेवढी प्रार्थना करू द्या, तिथं ती करायलाच पाहिजे. आणि दाखल झाला तर पाळकसाहेबांना सांगा की तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तो जरा भानावर आला की, वॉर्डात भेटायला या, पण हात डोक्यावर ठेवायच्या आधी खुर्ची ओढून बसा आणि त्याला विचारा की जेवलास का.